मिनी बायपासनंतर थायरॉईड, लोह, कॅल्शियम: एका दिवसात बसवायचं कसं?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. नणंदेची वजन कमी करण्याची मिनी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया होऊन पाच आठवडे झालेत. वय ३८, शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. पातळ आहार संपला, आता मऊ आहार चालू आहे. डिस्चार्ज कार्डावर जे आहे ते जसंच्या तसं देते:

थायरॉक्सिन ७५, उपाशीपोटी
पॅन्टोप्राझोल ४०, नाश्त्याआधी
ऊर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड ३००, दोनदा
मल्टीव्हिटॅमिन, रोज एक
कॅल्शियम सायट्रेट, तीनदा
फेरस ॲस्कॉर्बेट १०० मिग्रॅ + फॉलिक ॲसिड १.५ मिग्रॅ, रोज एक
मिथाइलकोबालामिन १५०० मायक्रोग्रॅम, रोज एक
डी३ ६०,००० युनिट, आठवड्यातून एकदा, ८ आठवडे

वेळा कुठेच लिहिलेल्या नाहीत. सध्या थायरॉईडची सोडून बाकी सगळं नाश्त्यानंतर एका दमात घेते आणि पुढे तासभर मळमळत बसते. तर:

१. कुठली गोळी कधी?
२. मेडिकलमध्ये सायट्रेट नव्हतं म्हणून कॅल्शियम कार्बोनेट ५०० दिलंय. "एकच असतं हो, उलट हे स्वस्त पडतं." एकच असतं का?
३. केस गळू नयेत म्हणून बायोटिन आणि झिंक ५० कुणीतरी सुचवलंय. सुरू करावं?
४. पुढच्या आठवड्यात संकष्टी आहे आणि बाईसाहेब उपास सोडायला तयार नाहीत.

फॉलो-अप तीन आठवड्यांनी आहे. "डॉक्टरांना विचारा" हे कळतंय, विचारणारच आहोत. काय विचारायचं तेही सांगितलंत तर बरं.

गोळीशास्त्री_कोथरूड

फार्मासिस्ट आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. एकच नसतं.

कार्बोनेट विरघळायला ॲसिड लागतं. बायपासनंतर जठराची जी अरुंद नळी उरते तिच्यात ॲसिड कमी, त्यात वरून पॅन्टोप्राझोल. म्हणजे गोळी पोटात जाते, पण अंगाला लागण्याचं प्रमाण घटतं. सायट्रेटला ॲसिडची गरज नाही, ते जेवणासोबत किंवा जेवणाशिवाय, कसंही चालतं. शिवाय बायपासनंतर लघवीत ऑक्झलेट वाढून मूतखड्याचा धोका वाढतो, तिथेही सायट्रेट उपयोगी पडतं. सर्जनने मुद्दाम सायट्रेट लिहिलंय. पाकीट न फोडता परत करा आणि चिठ्ठीप्रमाणेच मागा. मिळेपर्यंत दोन दिवस कार्बोनेट घ्यावंच लागलं तर जेवणासोबत, चावून.

आता आकडे. पाकिटावरचा मोठा आकडा बऱ्याचदा अख्ख्या क्षाराचा असतो, तुम्हाला बघायचंय ते त्यातलं शुद्ध कॅल्शियम. कार्बोनेटमध्ये ते ४० टक्के असतं, म्हणून १२५० मिग्रॅ कार्बोनेट म्हणजे ५०० मिग्रॅ कॅल्शियम. सायट्रेटमध्ये साधारण २१ टक्के. १००० मिग्रॅ सायट्रेटची गोळी घेतली तरी हाती लागतं २१० च्या आसपास. बायपासनंतर दिवसाची बेरीज १२०० ते १५०० मिग्रॅ व्हायला हवी, आहार धरून. दूध-दह्यातून ४०० ते ५०० आले तर उरलेले ८०० ते १००० गोळ्यांतून. म्हणजे "तीनदा" याचा अर्थ तीन गोळ्या असेलच असं नाही, २१० वाली असेल तर चार-पाच लागतील. पाकिटाच्या मागच्या बाजूला "एलिमेंटल कॅल्शियम" असं बारीक अक्षरात असतं, त्याचा फोटो काढून सर्जनच्या टीमला पाठवा आणि नेमक्या किती ते विचारा. हा तुमचा फॉलो-अपचा पहिला प्रश्न.

एका वेळी ५०० ते ६०० मिग्रॅच्या वर देऊन फायदा नाही, आतडं तेवढंच उचलतं. सकाळी सगळं एकदम घेतलं की उरलेलं वाया, आणि जाता जाता लोहालाही अडवून जातं.

वेळा अशा बसवा:

सकाळी ६: थायरॉक्सिन, साध्या पाण्याचे घोट. बाकी काही नाही.
७: पॅन्टोप्राझोल.
७:३०: नाश्ता, त्यावर ऊर्सो आणि बी१२.
१०:३०: कॅल्शियम, पहिला हप्ता. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम किंवा लोह यांच्यात ४ तास हवेत, म्हणून याच्या आधी नको.
१:००: जेवण आणि मल्टीव्हिटॅमिन. ज्या वारी डी३ असेल त्या वारी तीही इथेच, ताटात थोडं तूप-तेल असताना.
४:००: कॅल्शियम, दुसरा हप्ता.
७:३०: जेवण, ऊर्सो, कॅल्शियम तिसरा हप्ता.
९:४५: लोह, लिंबाच्या पाण्याच्या चार घोटांबरोबर. घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, अर्धा तास बसायचं. गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम होते.

मल्टीव्हिटॅमिनमध्ये लोह-झिंक असतं, म्हणून तेही कॅल्शियमपासून दोन तास लांब ठेवलंय. पाच आठवड्यांत मोठ्या गोळ्या गिळू नयेत. अर्ध्या करा, कुटा किंवा चघळायच्या घ्या. मात्र पॅन्टोप्राझोल कुटायची नाही, तिचं वेष्टन आतड्यात विरघळण्यासाठीच असतं. नावापुढे एसआर किंवा एक्सआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल तीही नाही. एका वेळी दोन गोळ्या असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, निम्मी मळमळ तिथेच थांबेल.

आणि कार्डावरचं सगळं जन्मभराचं नाही. पॅन्टोप्राझोल साधारण तीन महिने, ऊर्सो पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून साधारण सहा महिने, डी३ चा हा डोस आठ आठवडे. मल्टीव्हिटॅमिन, कॅल्शियम, लोह, बी१२ आणि डी३ चा रोजचा लहान डोस कायमचे. घरी नेमकं उलटं होतं. ऊर्सो दोन वर्षं चालू आणि कॅल्शियम सहाव्या महिन्यात बंद.

दोन_कटिंग

वरच्या वेळापत्रकात चहा कुठे गेला? पुण्यात हे चालायचं नाही.

चहातलं टॅनिन लोहाला पकडून ठेवतं, त्यामुळे लोहाच्या आधी-नंतर किमान तास-दीड तास चहा-कॉफी नको. थायरॉक्सिननंतर अर्धा ते एक तास नको. या दोन खिडक्या सोडून अमृततुल्यवर कधीही. साखर मात्र नाममात्र, नाहीतर डंपिंग होतं. धडधड, घाम, चक्कर, जुलाब. रात्री लोह घेणार असाल तर झोपतानाचं हळद-दूध बंद. दुधातलं कॅल्शियमही शेवटी कॅल्शियमच.

आहारविहार

आहारतज्ज्ञ. वेळापत्रक पटलं, एक भर. रात्रीचं लोह रिकाम्या पोटी सोसत नसेल तर बंद करून टाकू नका. टीमला विचारून एक दिवसाआड घेता येतं का ते बघा. लोहाचा डोस घेतला की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि पुढचा साधारण दिवसभर आतड्याचा दरवाजा अर्धवट लावून ठेवतं. लोह कमी असलेल्या, ऑपरेशन न झालेल्या स्त्रियांमध्ये दिवसाआड घेतलेल्या डोसातून जास्त टक्के लोह शोषलं गेल्याचं दिसलंय. बायपासवाल्यांना तोच हिशेब जसाच्या तसा लागू करता येत नाही, म्हणून विचारून. पाळी चालू असलेल्या बायकांना बायपासनंतर रोज ४५ ते ६० मिग्रॅ शुद्ध लोह सुचवतात, तुमच्याकडे १०० आहे, म्हणजे बोलायला जागा आहे. शी काळी होणं अपेक्षित आहे. काळी, डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधी येणारी मात्र नाही, तेव्हा लगेच दाखवायचं.

लोह इतकं महत्त्वाचं का, तर ते मुख्यतः ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) आणि त्यापुढच्या थोड्या आतड्यात शोषलं जातं. मिनी बायपासमध्ये अन्न नेमका तोच भाग वगळून पुढे जातं, बहुधा १५० ते २०० सेंमी आतडं बाजूला पडतं. स्लीव्हमध्ये आतडं जागेवर असतं, फक्त जठर कापलेलं असतं. म्हणून "आमच्या शेजारणीची स्लीव्ह झाली, ती एकच गोळी घेते" हे तुमच्या उपयोगाचं नाही.

तिसरा प्रश्न. केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळणार आहेत, बायोटिन घेतलं तरी आणि न घेतलं तरी. झपाट्याने वजन उतरलं की केसांची मुळं एकदम विश्रांतीला जातात. काही महिन्यांनी परत उगवतात. त्यासाठी गरज असते ती प्रथिनांची आणि लोहाची. झिंक ५० वर माझा सरळ आक्षेप आहे. झिंक आणि तांबं आतड्यात एकमेकांशी भांडतात. ८ ते १५ मिग्रॅ झिंकमागे १ मिग्रॅ तांबं असं प्रमाण ठेवायचं असतं. नुसतं झिंक ५० महिनोन् महिने घेतलं तर तांबं घसरतं आणि त्यातून ॲनिमिया आणि चालताना तोल जाणं सुरू होतं. ते दिसतं हुबेहूब बी१२ च्या कमतरतेसारखं, म्हणून उपचारही चुकीच्या दिशेने जातात. मल्टीव्हिटॅमिनच्या लेबलवर बघा: थायामिन किमान १२ मिग्रॅ, झिंक ८ ते २२, तांबं १ ते २, अ जीवनसत्त्व ५००० ते १०,००० युनिट. दुकानातल्या साध्या "ताकदीच्या" गोळ्यांमध्ये तांबं बऱ्याचदा नसतं. गमी तर विसराच, त्यात बहुतेक वेळा लोह नसतं, थायामिन नसतं, साखर तेवढी असते.

संकष्टीबद्दल स्पष्ट बोलते. चंद्रोदय रात्री नऊच्या आसपास धरला तर दिवसभर रिकामं पोट आणि मग एकदम जेवण. या पोटात एका वेळी कपभर मावत नाही. आणि दिवसाची ६० ग्रॅम प्रथिनं कुठून येणार? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शिवाय चिकट, वाटेत गोळा होऊन बसतो. किमान पहिले सहा महिने उपास नको. मन मानतच नसेल तर दर दोन-अडीच तासांनी उपासाचं पण प्रथिनांचं: घट्ट दही, मऊ पनीर (१०० ग्रॅममध्ये साधारण १८ ग्रॅम), दूध (२०० मिलीत ६ ते ७), बिनासाखरेच्या दुधात कालवलेली व्हे पावडर. गोळ्यांनी उपास मोडत नाही, एवढं घरातल्या मोठ्यांकडून तिला सांगून घ्या. मोदकाचं सारण या वर्षी चाखण्यापुरतंच.

सूक्ष्मदर्शी

पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, रिपोर्टच्या बाजूने लिहितो.

बायोटिनबद्दल वर जे राहिलं ते: ५ किंवा १० मिग्रॅची बायोटिन गोळी चालू असेल तर थायरॉईडचा रिपोर्ट काही मशिनवर खोटा येतो. टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक) कमी आणि टी४ (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक) जास्त दिसतो, जणू थायरॉक्सिन जादा होतंय. मग डोस उगाच कमी केला जातो. हृदयविकारासाठी करतात त्या ट्रोपोनिन चाचणीतही गडबड होते. घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस बंद आणि लॅबला सांगा. वजन उतरताना थायरॉक्सिनचा डोस खरोखरच बदलावा लागू शकतो, म्हणून टीएसएच खरा यायलाच हवा.

चाचण्या साधारण ३, ६ आणि १२ महिन्यांनी, मग दरवर्षी: सीबीसी, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, फोलेट, २५-हायड्रॉक्सी डी (ड जीवनसत्त्वाची पातळी), पीटीएच (हाडांतून कॅल्शियम काढायला लावणारं संप्रेरक), कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज, अल्ब्युमिन. मिनी बायपास असल्यामुळे अ जीवनसत्त्व, झिंक आणि तांबंही लिहून मागा, नेहमीच्या पॅकेजमध्ये ती नसतात.

वाचताना लोक कुठे फसतात ते सांगतो. "कॅल्शियम नॉर्मल आलं" म्हणून गोळ्या बंद. रक्तातलं कॅल्शियम शेवटपर्यंत नॉर्मलच राहतं, कारण शरीर ते हाडांतून काढून भरतं. हाडं झिजताहेत का ते पीटीएच वाढलंय का यावरून कळतं. तसंच हिमोग्लोबिन. ते सगळ्यात शेवटी पडतं, फेरिटिन आधी. अंगात ताप किंवा सूज असली की फेरिटिन खोटं वर जातं, म्हणून सोबत सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी चाचणी) केलेला बरा. लोहाची तपासणी सकाळी उपाशीपोटी, आणि त्याआधीच्या रात्रीची लोहाची गोळी टाळून. बी१२ चं इंजेक्शन घेऊन आठवड्यात बी१२ तपासलं तर आकडा आभाळाला भिडतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

नणंदेच्या कार्डावरची एक जोडी नीट सांभाळा: फॉलिक ॲसिड १.५ मिग्रॅ आणि बी१२. फॉलिक ॲसिड भरपूर आणि बी१२ कमी, असं झालं तर हिमोग्लोबिन छान दिसतं आणि नसा मात्र आतून खराब होत राहतात. शाकाहारी माणसाचा साठा मुळात तोकडा असतो. म्हणून "लोह चालू आहे ना, बी१२ राहिली तरी चालेल" असं कधीच नाही.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्बोनेट परत केलं. दोन शंका उरल्यात. बी१२ गोळीने भागतं की इंजेक्शनच लागतं? आणि डी३ ची कॅप्सूल तिने पहिल्या आठवड्यात चुकून लागोपाठ तीन दिवस घेतली, तर आता? बाकी बरी आहे. चार-पाच दिवस रोज दोन-तीन उलट्या होतात, पण नवीन पोटाला सवय व्हायला वेळ लागतो म्हणे.

वैद्यकीय_टिपण

फिजिशियन. तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण बाकीचं थांबू शकतं, हे नाही.

पाचव्या आठवड्यात रोज उलट्या म्हणजे सवय होणं नव्हे. फॉलो-अपची वाट न बघता आजच सर्जनच्या टीमला फोन करा. जठर आणि आतड्याचा जोड अरुंद झालाय का, व्रण झालाय का ते दुर्बिणीने बघावं लागेल. पण त्याहूनही घाईचं आहे ते थायामिन, म्हणजे बी१. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. पाच आठवडे कमी खाणं आणि वर उलट्या, म्हणजे तळ गाठलेला असू शकतो. पुढची लक्षणं: पायांची आग, एकाचे दोन दिसणं, डोळ्यांची बुबुळं थरथरणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ. यातलं एकही दिसलं तर थेट कॅज्युअल्टी, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

आणि तिथे घडणारी चूक ही: अशक्तपणा बघून कुणीतरी डेक्स्ट्रोजची सलाईन लावतं. ग्लुकोज वापरायला थायामिन लागतं, उरलंसुरलं त्यात संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी शिरेतून थायामिन, मग ग्लुकोज. डोस तिथले डॉक्टर ठरवतील, तो शेकड्यांत असतो, गोळीतल्या १०-१२ मिग्रॅने भागत नाही. मॅग्नेशियमही तपासायला सांगा, ते कमी असेल तर दिलेलं थायामिन नीट काम करत नाही. तिच्या पर्समध्ये आणि फोनच्या कव्हरमध्ये एकेक चिठ्ठी ठेवा: "मिनी गॅस्ट्रिक बायपास झाली आहे, तारीख अमुक. ग्लुकोजआधी थायामिन द्यावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नये. नाकातून नळी घालण्याआधी सर्जनला विचारावे." वेदनाशामकांचं कारण म्हणजे जोडावर पडणारा व्रण. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल.

आता बी१२. अन्नातलं बी१२ शोषायला जठरातून येणारा इंट्रिन्सिक फॅक्टर लागतो, तो इथे तोकडा पडतो. पण मोठ्या डोसातलं सुमारे एक टक्का त्याच्याशिवायही आत झिरपतं. १५०० मायक्रोग्रॅममधून १५ मिळाले तरी रोजची गरज दोन-अडीचचीच आहे. त्यामुळे गोळी रोज, न चुकता घेतली तर पुरते. न चुकता हे जमणार नसेल तर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. सध्या उलट्या आहेत, म्हणजे गोळी आत राहते की नाही याचा भरवसा नाही, तेव्हा इंजेक्शनबद्दल आजच विचारा.

डी३: तीन कॅप्सूल म्हणजे १,८०,००० युनिट. एकदाच झालं असेल तर घाबरण्यासारखं नाही. पुढच्या दोन आठवड्यांच्या गाळायच्या का ते टीमला विचारा. धोका असतो तो रोज एक असं महिनाभर घेणाऱ्यांना. तेव्हा रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, मूत्रपिंडावर ताण. पण उलट्या चालूच आहेत, म्हणून आज कॅल्शियम आणि क्रिएटिनिनही बघून घ्या. आठ आठवड्यांनंतर पुढचा डोस ठरवताना हिशेब असा: सुरुवातीला रोज ३००० युनिट सुचवतात, पातळी ३० नॅनोग्रॅमच्या वर जाईपर्यंत. महिन्यातून एक ६०,००० म्हणजे रोजचे फक्त २०००.

गोळीशास्त्री_कोथरूड

डॉक्टरांनी लिहिलंय त्याला जोडून. थायामिनच्या सुट्या ७५ आणि १०० मिग्रॅच्या गोळ्या मिळतात. उलट्या थांबल्यावर टीमने लिहून दिल्या तर नेमक्या त्याच घ्या, बदली म्हणून बी-कॉम्प्लेक्स स्वीकारू नका. पण आज गोळीवर विसंबू नका, उलटी झाली की तीही बाहेर. लोह आणि मल्टीव्हिटॅमिन आज पोटाला जड जात असतील तर दोन दिवस मागे ठेवता येतील का ते फोनवरच विचारून घ्या. थायरॉक्सिन घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर ती परत घ्यायची का, हेही त्याच फोनवर.

सिंहगडरोडकर

फोन झाला. दुपारी तीनला बोलावलंय, उपाशीपोटी, दुर्बिणीच्या तयारीने. थायामिनबद्दल विचारलं, तिकडे पोचल्याबरोबर आधी तेच देणार म्हणाले. दोन्ही चिठ्ठ्या लिहून झाल्या.